गाढव नव्हे, खेचर

“अकरा वर्षं वाट बघणं ही निष्ठा नव्हे हो, त्याला आळस म्हणतात,” पोस्टबाई म्हणाल्या, आणि मशीनभाऊंनी त्यांच्या तोंडाकडे न बघता शेजारच्या खुर्चीतल्या क्रेनवाल्यांच्या रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहिलं. आकडा वर सरकला होता. भाऊंना बरं वाटलं.

डायलिसिसच्या त्या लांबट हॉलमध्ये भिंतीला लागून खुर्च्या होत्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन होतं, ती मशीनं चालवायला मशीनभाऊ होते, आणि एक दिवसाआड सकाळी तीच माणसं येऊन त्याच खुर्च्यांत पडायची. रक्त एका नळीने बाहेर जायचं, मशीनमधून धुऊन निघायचं आणि दुसऱ्या नळीने परत यायचं. हे काम चार तास चाले. त्या वेळात बाकीची माणसं झोपत, छताकडे बघत, नाहीतर आपल्या मेलेल्या नातेवाइकांची आठवण काढत. खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांत मात्र युद्ध चाले.

युद्ध व्हिडिओ गेमवरून होतं. भाऊंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, दोघं आपापल्या नातवंडांची कागाळी करताहेत. मग कळलं की नातवंडांचा काही संबंध नाही. पोस्टबाई जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून शिक्के मारून निवृत्त झालेल्या. मुलगा परदेशी जाताना खेळाचं यंत्र घरात टाकून गेला. भंगारवाल्याला देण्याआधी ते चालतं का बघावं म्हणून बाईंनी टीव्हीला जोडलं. भंगारवाला दारात ताटकळला, त्याने दोन हाका मारल्या आणि तो निघून गेला. तेव्हापासून बाई ‘राखेचा किल्ला’ या खेळाच्या भक्त. त्याचा दरवर्षी नवा भाग यायचा, अगदी वेळेवर, आणि वेळेवर येणाऱ्या गोष्टीबद्दल बाईंना आदर होता.

क्रेनवाले उंच इमारतींच्या क्रेनवर काम करायचे. खाली हुक रिकामा लोंबकळत असला की वर त्या काचेच्या डब्यात तासन्‌तास नुसतं बसावं लागे. तिथे त्यांना मोबाइलवर ‘शेवटचा काफिला’ भेटला. त्याचे भाग चारच. पाचवा येणार असं कंपनीने अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि मग कंपनीला इतर कामं निघाली असावीत.

“आमचा किल्ला गेल्या वर्षी किती खपला माहितंय का?” पोस्टबाई मोकळ्या हाताने मोबाइल नाचवत म्हणाल्या. “आकडा वाचून दाखवू?”

“खपतं तर मीठसुद्धा, बाई. मिठाचे कुणी चाहते असतात का?”

“आपल्याला बंद आहे म्हणून मिठावर राग काढू नका.”

“तुमची माणसं नवा भाग घेतात आणि जुना दुसऱ्या दिवशी विकायला काढतात. याला निष्ठा म्हणता? ही भाडेकरूची निष्ठा. आमच्यात एक माणूस दाखवा ज्यानं काफिला विकला.”

“घेणार कोण म्हणून विकेल? आणि तुमच्या निष्ठेचं सांगू नका मला. एक लंगडं खेचर मेलं तर अकरा वर्षं गळा काढून बसलात सगळे.”

“मेलं नाही ते!” क्रेनवाले इतके ताठ झाले की भाऊंना त्यांचा सुईचा हात दाबून धरावा लागला. “चौथ्या भागाच्या शेवटी ते धुक्यात गेलं. धुक्यात गेलं म्हणजे मेलं नव्हे. पाचव्यात येणार ते.”

“हो, येणार. तोपर्यंत तुम्ही...” पोस्टबाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. मोबाइलमध्ये अचानक काहीतरी फार महत्त्वाचं सापडल्यासारखं त्यांनी डोकं खाली घातलं.

क्रेनवाले हसले. “म्हणा की. तोपर्यंत मी असेन का? बघू. आधी कोण पोचतं.”

त्यांचं हृदय गेल्या वर्षापासून थकलं होतं. मशीन लागलं की त्यांचा रक्तदाब दगड विहिरीत पडावा तसा खाली यायचा. पण भाऊंच्या एक गोष्ट लक्षात आली होती: वाद चालू असला की तो पडत नसे. पोस्टबाई आजारी असल्या किंवा रुसल्या, की हमखास पडे. हे विज्ञानाला पटणार नाही अशी भाऊंना खात्री होती, म्हणून त्यांनी विज्ञानाला विचारलंच नाही. ते फक्त त्या दोन खुर्च्या शेजारी राहतील एवढं बघत आणि आपण मध्ये उभं राहून दोघांनाही “बरोबर आहे तुमचं” म्हणत.

हे वाक्य भाऊंचं आयुष्यभराचं भांडवल होतं. घरी पडदे घ्यायची वेळ आली, बायकोने विचारलं निळे की पिवळे, भाऊ म्हणाले दोन्ही छान. म्हणून त्यांच्या एका खिडकीला निळा पडदा होता आणि दुसरीला पिवळा, आणि पाहुणे आले की बायको त्याचं कारण सांगायची.

त्या दिवशी मात्र समोरच्या खुर्चीतले हेडमास्तर उठून बसले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वर्ग सुटला नव्हता. “हा दवाखाना आहे की बाजार?” ते गरजले. “तीन वर्षं ऐकतोय मी हा किल्ला आणि काफिला! मला शांतता पाहिजे. मी लेखी तक्रार करणार!”

त्यांनी केलीही. दुपारी विभागाच्या मोठ्या मॅडमनी भाऊंना बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या, फक्त नेहमी उभ्या असायच्या. बसलेल्या माणसाला समजावता येतं, उभ्या माणसाला येत नाही.

“त्या दोघांतल्या एकाला संध्याकाळच्या पाळीत टाका,” मॅडम म्हणाल्या. “कोणाला, ते तुम्ही ठरवा. तुम्ही ओळखता त्यांना. परवा मशीनं सुटायच्या आत मला नाव पाहिजे. आणि तोपर्यंत त्या विषयावर एक शब्द नको.”

“मॅडम, तसं बघितलं तर दोघंही...”

“दोघंही हे नाव नाही.”

रक्तदाबाचं सांगावं असं भाऊंच्या अगदी ओठांवर आलं. पण ‘व्हिडिओ गेमच्या भांडणाने पेशंटचं बीपी टिकतं’ हे वाक्य मनात म्हणून बघितल्यावर त्यांना स्वतःलाच आपली काळजी वाटली.

संध्याकाळी ते बायकोसमोर चहा घेऊन बसले. ती बेकरीत कामाला होती. तिचा दिवस अंधारात सुरू व्हायचा आणि रात्री लवकर संपायचा. दोघांचा म्हणावा असा वेळ हाच, चहाचा. सकाळची पाळी भाऊंनी याच्यासाठीच मागून मागून मिळवली होती.

“मग कोणाला टाकणार संध्याकाळी?” तिने विचारलं.

“क्रेनवाल्यांची शेवटची बस चुकेल. बाईंना अंधारात दिसत नाही. म्हणजे दोघांचंही तसं...”

“आलं. आलं ते ‘दोघांचंही’.” तिने कप खाली ठेवला. “अहो, आयुष्यात एकदा चुका, पण ठामपणे चुका. माणूस म्हणेल तरी, यांना मत होतं.”

भाऊ म्हणाले, “तुझंही बरोबर आहे.” आणि तिने असं पाहिलं की त्यांनी उरलेला चहा गरम गरमच पिऊन टाकला.

ठरलेल्या सकाळपर्यंत मॅडमचा हुकूम सगळ्यांच्या कानावर गेला होता आणि हॉलमध्ये इतकी शांतता होती की मशीनं आपापसांत बोलताहेत असं वाटावं. भाऊंनी बाईंना सुई लावली तेव्हा बाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या, “माझं नाव द्या. कंटाळा आलाय मला त्या माणसाच्या तोंडाचा.”

“पण बाई, तुम्हाला रात्री...”

“टॉर्च असतो जगात.”

क्रेनवाल्यांकडे गेल्यावर त्यांनी भाऊंची बाही ओढली. “माझं टाकून द्या संध्याकाळी. बस चुकली तर स्टँडवर बाकं आहेत. बाई रस्त्यात पडल्या-बिडल्या तर नसता ताप.” मग म्हणाले, “आणि त्यांना सांगू नका मी म्हणालो म्हणून. उगीच शेफारतील.”

दोघंही आपापल्या विरुद्ध मत देत होते. भाऊंना वाटलं होतं, कुणीतरी भांडेल, रडेल, दुसऱ्याचं नाव पुढे करेल आणि आपलं काम होऊन जाईल. त्याऐवजी प्रकरण होतं तिथेच राहिलं, फक्त जास्त जड झालं. भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललं होतं. काचेपलीकडे मॅडम दोनदा येऊन गेल्या. हेडमास्तर डोळे मिटून आपल्याला मिळालेली शांतता उपभोगत होते. पण त्यांना झोप काही येत नव्हती, सारखे कूस बदलत होते.

पोस्टबाईंनी एकदा मोबाइल उघडला, काहीतरी वाचून क्रेनवाल्यांकडे वळल्या, तोंड उघडलं आणि मिटलं. क्रेनवाल्यांनी ते पाहिलं. ते वाट बघत राहिले. मग त्यांनीही मान फिरवली.

आणि त्यांनी जांभई दिली.

भाऊ हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते, तरी त्यांनी ती पाहिली आणि हातातलं काम टाकलं. मशीनवरच्या माणसाची जांभई झोपेची नसते. ते धावले नाहीत, धावलं की इतर घाबरतात. पण ते जसे चालले त्याला चालणं म्हणणं कठीण होतं. क्रेनवाल्यांच्या कपाळावर घाम आला होता. ओठांचा रंग ओल्या सिमेंटसारखा झाला होता. मशीनचा लाल दिवा लागला आणि ते ओरडायला लागलं.

भाऊंनी खुर्ची मागे कलती केली, पाय वर केले, सलाईन पूर्ण सोडलं, मशीनचं अंगातलं पाणी ओढणं बंद केलं. हात आपोआप चालत होते. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाली. आकडा अजून खालीच जात होता.

“डोळे उघडा! माझ्याशी बोला. ऐकू येतंय का?”

“हं,” क्रेनवाले म्हणाले. ते ‘हं’ फार लांबून आलं.

“झोपायचं नाही हं. बोला काहीतरी.”

या वेळी ‘हं’ही आलं नाही.

“बाई!” भाऊ वळले. “बोला तुम्ही! तुमचं ते, खप, आकडा, काहीही!”

पोस्टबाईंनी तोंड उघडलं. तीन वर्षं ज्या बाईला शब्द कमी पडला नव्हता तिच्या तोंडून हवासुद्धा बाहेर पडेना. त्यांचा मोकळा हात शेजारच्या खुर्चीकडे जात होता आणि पोचत नव्हता. नळ्यांनी बांधलेला माणूस किती पोचणार?

मग भाऊ बोलले. काय बोलावं हे ठरवायला वेळ नव्हता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मत निघालं.

“खरं सांगू का मी तुम्हाला?” ते क्रेनवाल्यांच्या कानाशी ओरडले. “तुमचा तो किल्ला मला मुळीच आवडत नाही! आणि त्या किल्ल्यातलं ते लंगडं गाढव तर अगदीच भिकार आहे!”

मशीन ओरडत होतं. पण खुर्च्यांच्या रांगेतल्या सगळ्या माना मशीनकडे नव्हे, भाऊंकडे वळल्या.

क्रेनवाल्यांच्या पापण्या हलल्या.

“खे...” ते म्हणाले.

“काय? मोठ्यानं बोला!”

“खेचर,” क्रेनवाले म्हणाले. एक श्वास घेतला. “खेचर आहे ते.”

“आमच्या किल्ल्यात?” पोस्टबाईंना एकदम आवाज फुटला. “आमच्या किल्ल्यात गाढव? अहो मशीनभाऊ, डोकं ठिकाणावर आहे का? आमच्या किल्ल्यात एकही जनावर नाही! सगळी जळून राख झालीत, म्हणून तर त्याचं नाव राखेचा किल्ला!”

भाऊ खरोखरच चुकले होते. तीन वर्षं दोघांच्या मध्ये उभं राहून त्यांनी फक्त आकडे ऐकले होते, आणि तेही मशीनवरचे. पण चूक लागू पडतेय हे त्यांना त्याच मशीनवर दिसलं. त्यांनी चूक सोडली नाही.

“गाढवच!” ते म्हणाले. “लांब कान, चार पाय. गाढव नाही तर काय? आणि ते मेलं ते बरंच झालं.”

“धुक्यात... गेलं!” क्रेनवाल्यांनी डोळे पूर्ण उघडले. त्यांत पाणी होतं आणि पाण्याच्या मागे चांगला खणखणीत राग होता. “धुक्यात गेलं ते! बाई, सांगा या माणसाला.”

“धुक्यात गेलं हो ते!” पोस्टबाई कडाडल्या. “मेलं नाही! कितीदा सांगायचं? त्या खेचरानं यांच्या सबंध काफिल्याला डोंगर पार करून दिला, माहितंय का? आले मोठे गाढव म्हणणारे!”

“गाढव,” भाऊ म्हणाले. त्यांच्या पाठीवरून घामाची धार चालली होती.

तेवढ्यात समोरच्या खुर्चीतून हात आपटल्याचा आवाज आला. हेडमास्तर लाल झाले होते. “अहो, खेचर! खे-च-र! आई घोडी, बाप गाढव! पहिल्या भागात बर्फात सापडतं, दुसऱ्यात पाय मोडतो, चौथ्यात धुकं! मला सगळं पाठ झालंय, आणि रोज इथे उभा राहणारा हा माणूस गाढव म्हणतो? लाज नाही वाटत?”

डॉक्टर आले तेव्हा हॉलमध्ये तीन पेशंट एका कर्मचाऱ्यावर ओरडत होते, आणि त्या तिघांतला एक थोड्या वेळापूर्वी बेशुद्ध पडत होता. डॉक्टरांनी आकडा पाहिला, सलाईनची पिशवी पाहिली. “वेळेवर सोडलंत सलाईन,” ते म्हणाले. भाऊ ‘हो’ म्हणाले. दुसरं काय सांगणार?

डॉक्टरांच्या मागोमाग मॅडम आल्या. उभ्याच.

“मी काय सांगितलं होतं? त्या विषयावर एक शब्द नको. कोणी सुरू केलं?”

पोस्टबाई आणि क्रेनवाले दोघंही एकाच वेळी “मी” म्हणाले. त्या दोन ‘मी’च्या मध्ये भाऊ उभे होते. नेहमीचं वाक्य जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“मी सुरू केलं,” ते म्हणाले.

“यानंच!” हेडमास्तर ओरडले. “मॅडम, माझी तक्रार बदलून घ्या. ह्या दोघांविरुद्ध काही नाही माझं, त्यांना विषयाची माहिती तरी आहे. ज्याला खेचर आणि गाढव यातलं कळत नाही, त्या माणसाला माझ्या डोळ्यांसमोरून हलवा!”

मॅडम भाऊंकडे वळल्या. “मला संध्याकाळच्या पाळीसाठी एक नाव पाहिजे होतं,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी मशीनं चालवायला माणूसही कमीच आहे.”

भाऊंना चहा आठवला. दोन कप, ओट्यावरची तपेली, बायकोचं पीठ लागलेलं मनगट. त्यांना वाटलं, एक मिनिट विचार करायला मागावा. मागितला असता तर मिळालाही असता.

“माझं टाका,” ते म्हणाले.

घरी त्यांनी सांगितलं तेव्हा बायको भांडी पुसत होती. “म्हणजे मी उठेन तेव्हा तुम्ही झोपलेले, आणि तुम्ही याल तेव्हा मी,” तिने हिशेब केला. मग पुसता पुसता थांबली. “बाजू घेतलीत म्हणे कुणाची तरी?”

“हो.”

“कुणाची?”

भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. “गाढवाची,” ते म्हणाले.

ती हसली. पुष्कळ वेळ हसली आणि मग फडकं डोळ्यांना लावून तशीच उभी राहिली. त्या दिवशी चहा जरा जास्त वेळ चालला. दोघांनीही तसं बोलून दाखवलं नाही.

पाळी बदलून काही आठवडे झाले होते. भाऊ संध्याकाळच्या माणसांची तयारी करायला आले, तर सकाळची मशीनं त्या दिवशी उशिरा सुटली होती आणि हॉलच्या जड दारातून पोस्टबाई आणि क्रेनवाले बाहेर येत होते. क्रेनवाले फार वाळले होते. एका हाताने भिंत धरत चालत होते. त्यांची पिशवी पोस्टबाईंच्या खांद्यावर होती.

भाऊंनी पुढे होऊन दार धरलं.

“पाचवा भाग परत ढकलला म्हणे,” पोस्टबाई म्हणत होत्या. “पुढच्या वर्षावर. आज सकाळी जाहीर केलं.”

“ढकलू दे.”

“ढकलू दे काय? काही लाजलज्जा आहे का त्या कंपनीला? तुमच्यासारखी भोळी माणसं डोळे लावून बसतात आणि हे आपले खुशाल...”

“बाई, तुम्ही कशाला चिडता? तुमचा किल्ला येतोय ना वेळेवर?”

“चिडतेय कुठं? हसतेय मी.”

त्या हसत नव्हत्या. क्रेनवाले दम घ्यायला थांबले. बाई थांबल्या. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाल्या, “आणि चाहते मोजायचे तर आजही आमचेच जास्त आहेत, लक्षात ठेवा.”

“मोजा,” क्रेनवाले म्हणाले. “माझ्यापर्यंत आलात की सांगा.”

दोघं भाऊंच्या समोरून गेली. वाद इतका रंगात होता की दार कुणी धरलंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कॉरिडॉर लांब होता आणि पावलं हळू पडत होती.

आत संध्याकाळची माणसं खुर्च्यांत येऊन पडली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पहिल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने बाही वर करून हात बाहेर काढून ठेवला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

“दार लावा हो,” तो म्हणाला. “वारा येतोय.”

“आलो,” भाऊ म्हणाले. पण ती दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी दार धरून ठेवलं.